वाट अडविणारा ढिगारा

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय १ ते ६



परीक्षांचे निकाल लागले, की आपल्या मंडळीत दोन प्रकारची बोलणी कानी येतात. ज्या घरी पेढे वाटले जातात तेथे ‘देवाची कृपा’ म्हणतात. ज्या घरी पेढे नसतात तेथे ‘आमच्या मुलाला संधीच मिळाली नाही’ म्हणतात. नोकरीतील बढती असो, धंदा असो, वा मंडळीतील सेवा असो, आपले बोलणे याच दोन वाक्यांभोवती फिरते. दोन्हींत सत्याचा अंश आहे. परंतु आपली वाट नेमकी कशाने अडली आहे, हे स्वतः जाऊन पाहण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. नहेम्याने ते पाहिले, आणि तेही रात्रीच्या वेळी.

नहेम्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमाराची ही गोष्ट. यरुशलेमेचा कोट पडला आहे व वेशी जळून गेल्या आहेत, ही बातमी किसलेव महिन्यात त्याच्या कानी आली. तो बसून रडला. त्याने उपास केला व प्रार्थना केली. नीसान महिना उजाडेपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, त्याच्या हातून दिसण्यासारखे काहीच झाले नाही. मग राजाने त्याचा उतरलेला चेहरा पाहून कारण विचारले, तेव्हा त्याला मोठे भय वाटले, असे तो स्वतःच लिहितो. ज्याला आपण धाडसी पुरुष समजतो त्याची सुरुवात भयाने झाली, हे आपण विसरू नये. भय वाटले, तरी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि तोंड उघडले.

रात्रीची पाहणी

यरुशलेमेस पोहोचल्यावर तीन दिवसांनी तो रात्री उठला. बरोबर थोडी माणसे घेतली आणि बेत कोणालाच सांगितला नाही. पडलेल्या कोटाच्या कडेने तो जनावरावर बसून फिरू लागला. राजाच्या तळ्यापाशी आल्यावर जनावराला पुढे जाण्यास वाटच राहिली नाही (२:१४). तेथे शत्रू उभा नव्हता. आपल्याच वाडवडिलांच्या कोटाची पडझड वाटेत पसरली होती. इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने तो कोट पाडला होता, आणि सुमारे १४० वर्षांनंतरही ती पडझड वाट अडवून होती.

पहिला धडा येथेच आहे. नहेम्याने आधी भाषण केले नाही. आधी पाहणी केली. आपण उलट करतो. अडथळा पाहण्यापूर्वीच तो कोणामुळे आला हे आपण ठरवून टाकतो.

बाहेरचे आणि आतले

बाहेरचे अडथळे खरे होते. सन्बल्लट, तोबीया व गेशेम हे काही कल्पनेतले लोक नव्हते. त्यांनी प्रथम थट्टा केली. या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती कोसळेल, असे तोबीया म्हणाला. मग त्यांनी हल्ल्याची धमकी दिली. पुढे ओनोच्या मैदानात भेटीस ये, असा निरोप चार वेळा धाडला. पाचव्या वेळी बंडाचा आरोप करणारे उघडे पत्र पाठविले. यांपैकी प्रत्येक गोष्टीला नहेम्याने वेगळे उत्तर दिले. थट्टेला प्रार्थनेने, धमकीला पहारेकऱ्यांनी, आणि निमंत्रणाला ‘हातातले काम टाकून येता येणार नाही’ या एकाच जबाबाने. प्रार्थना केली म्हणून त्याने पहारा सोडला नाही, आणि पहारा ठेवला म्हणून प्रार्थना थांबविली नाही. गरिबी, आजारपण, वशिला, भेदभाव हे अडथळे आपल्यापुढे येतात, तेव्हा ‘मनात विश्वास असला की पुरे’ असे मुलांना सांगणे हा अर्धाच उपदेश आहे.

पण आता चौथ्या अध्यायातील एक बाब लक्षपूर्वक पाहा. सन्बल्लटाने थट्टा करताना मातीच्या ढिगाऱ्यांचा उल्लेख केला (४:२). त्यानंतर कोट निम्म्या उंचीपर्यंत चढला. लोकांचे मन कामात होते. आणि नेमके त्याच वेळी यहूदाचे लोक म्हणू लागले, की ओझे वाहणाऱ्यांची शक्ती संपली, ढिगारे फार आहेत, आमच्याने हे होणार नाही (४:१०). शत्रूच्या तोंडचे बोलणे थोड्याच दिवसांत आपल्या माणसांच्या तोंडी आले! बाहेरचा अडथळा आत येतो तो असा. शत्रूला कोट ओलांडावा लागत नाही; त्याचे वाक्य आपण उचलून घरात आणतो.

पाचव्या अध्यायात तर याहून कठीण गोष्ट आहे. गरीब लोक ओरड करू लागले, की शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली, मुलेबाळे दास्यात गेली. आणि हे करणारे परके नव्हते, यहूदी बांधवच होते. नहेम्याला फार राग आला. त्याने सरदारांना दोष दिला. परंतु मीही व माझ्या माणसांनीही कर्जाऊ दिले आहे, असे सांगून त्याने स्वतःला त्यांच्याच ओळीत उभे केले, आणि आपण सर्वांनी ही सावकारी सोडू या, असे म्हटले (५:१०). स्वतःचे नाव त्या यादीत घातल्यामुळेच त्याच्या शब्दाला वजन आले.

माझ्या ट्रंकेची साक्ष

या ठिकाणी माझी स्वतःची साक्ष दिली पाहिजे. सुमारे दहा वर्षांपूर्वी मी नोकरी सांभाळून टपालाने ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास सुरू केला. एका रविवारी उपासनेनंतर एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “नोकरी करून कुठं शास्त्र शिकता येतं? ते कॉलेजात राहून शिकणाऱ्यांचं काम.” त्याच आठवड्यात माझा पहिला स्वाध्याय तपासून परत आला. पानापानावर तांबडी शाई. मी ते कागद व सारी पुस्तके पलंगाखालच्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावले.

पुढे आठ महिने जो विचारील त्याला मी एकच उत्तर देत असे : “काय करणार, साहेब रजा देत नाहीत.” आणि साहेब रजा देत नव्हते, हे अगदी खरे होते. शेवटी एके दिवशी आई म्हणाली, “साहेबानं रजा दिली नाही, खरंय बाळा. पण ट्रंकेला कुलूप साहेबानं लावलं होय?”

त्या रात्री मी ट्रंक उघडली. शेवटच्या पानावर तपासणाऱ्यांनी लिहिले होते, की उत्तर मनापासून लिहिले आहे, परंतु प्रश्न पुन्हा वाचावा. आठ महिने मी शाईचा रंग पाहिला होता. अक्षरे वाचलीच नव्हती. मग पहाटे पाच ते सहा अशी वेळ मी ठरविली. अभ्यासक्रमाला नेमून दिलेल्या मुदतीपेक्षा दोन वर्षे अधिक लागली, आणि एक पेपर दोनदा द्यावा लागला. रजा शेवटपर्यंत मिळाली नाही. ते वडीलधारे गृहस्थ अजूनही प्रेमाने भेटतात. आपण असे काही बोललो होतो हे त्यांना आठवतही नाही. ते वाक्य आठ महिने जपून ठेवले ते मीच.

जे दार उघडत नाही

मग प्रत्येक अडथळा दूर होतोच काय? नाही. तसे शिकविणे देवाच्या वचनाला धरून होणार नाही. पौलाने देहातील काट्याविषयी तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला; त्याला पुरेशी कृपा मात्र मिळाली (२ करिंथ. १२). आपल्या मराठी मंडळ्यांना पंडिता रमाबाईंचे उदाहरण जवळचे आहे. दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण गेली. १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, असा त्यांचा बेत होता. परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे ते दार त्यांना बंद झाले. ते पुन्हा कधीच उघडले नाही. त्या दारापाशी त्या बसून राहिल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातील असंख्य मुलींना व विधवांना आसरा मिळाला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मराठीत शास्त्राचे भाषांतर पूर्ण केले. कान अधू झाले, तरी अनाथांची हाक त्यांना ऐकू आली.

म्हणून अडथळ्यापुढे आपण दोन प्रश्न विचारावेत. हा दगड उचलण्याजोगा आहे काय? असेल तर उचलावा. नसेल तर देव दुसरीकडून वाट दाखवीत आहे काय?

कोणाचे यश?

तिसरा अध्याय नावांनी भरलेला आहे, म्हणून आपण तो बहुधा गाळतो. पण त्यात पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते : अमक्याने आपल्या घरासमोरील कोटाची डागडुजी केली. शल्लूमाने ती आपल्या मुलींसह केली. तकोवा गावच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही. परंतु त्या गावच्या साध्या लोकांनी आपला भाग संपवून आणखी एक भाग बांधला (३:५, २७). ‘आमचे पुढारीच काही करीत नाहीत’ असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांनी तो वापरला नाही.

प्रत्येकाचे यश त्याच्या दारापुढच्या चार हात भिंतीत होते, आणि ती चार हात भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडली गेली तेव्हाच ती कोट झाली. ख्रिस्ती माणसाच्या यशाचे माप हेच आहे. माझ्या मुलाला मिळालेले गुण, मला मिळालेली बढती शेजारच्या भिंतीला जोडली जात नसेल, तर तो नुसता दगडांचा ढीग होय. बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, कोट पुरा झाला. जुन्या पडझडीतूनच तो उभा राहिला. ज्या दगडांनी वाट अडविली होती त्यांतलेच दगड पुन्हा भिंतीत बसले. आपले अपयश, आपले भय, आपली लाज हेही देवाच्या हाती दिले तर वाया जात नाही. माझ्या त्या तांबड्या शाईच्या कागदावरून मी आज शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना प्रश्न नीट वाचायला सांगतो!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सूचना. हा पाठ घेताना प्रत्येक मुलाला दोन चिठ्ठ्या द्याव्यात. एकीवर ‘मला कोण अडविते’ व दुसरीवर ‘मी स्वतःला कसा अडवितो’ हे लिहावयास सांगावे. चिठ्ठ्या वाचून दाखवू नयेत. त्या मुलांपाशीच राहू द्याव्यात. आणि शिक्षकांनी स्वतःच्या दोन चिठ्ठ्या आधी लिहाव्यात.

प्रार्थना : हे प्रभू, रात्रीच्या शांततेत आमच्या पडलेल्या कोटाभोवती आम्हांला फिरव. जेथे वाट अडली आहे तेथे आमच्या हातांना बळ दे, जेथे दार बंद आहे तेथे दुसरी वाट दाखव, आणि आमची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोड. येशूच्या नावाने मागतो. आमेन.