साक्षीदार एकच

डोंगरकड्याला राहणाऱ्या माझ्या आपाने नांदेडच्या लॅबचा कागद माझ्यापुढे धरला. टीएसएच २.८. दोन वर्षांपासून ती थायरॉईडची गोळी घेते. आकडा आता हद्दीत आला होता. मी म्हणालो, "आपा, रिपोर्ट तो नॉर्मल है. अब काहे की फिकर?" ती गप्प झाली. तिचे केस गळत होते, भाकरी थापताना हात जड पडत होते. पण कागद ठीक म्हणत होता आणि मी कागदाचं ऐकलं.

माणूस म्हणतो त्रास होतोय, कागद म्हणतो सगळं ठीक. अशा वेळी साक्ष कोणाची मानायची?

आधी कागद काय बोलतो ते पाहू. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीने थायरॉईडला पाठवलेला हुकूम. थायरॉईड सुस्तावली की हुकूम वाढतो. साधारण ०.४ ते ४ ही छापील हद्द निरोगी माणसांच्या रक्तावरून, त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. ती अनेकांची आहे, एकट्या आपाची नाही. २००२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दरमहा तपासलं, तेव्हा एकेकाची स्वतःची हद्द सर्वांच्या हद्दीच्या जवळपास निम्मीच भरली. कागद खोटं बोलत नाही. पण 'हुकूम नेहमीइतकाच आहे का' एवढ्याच प्रश्नाचं तो उत्तर देतो. 'आपा बरी आहे का' हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

याला दुसरी बाजूही आहे. आपाचा थकवा खरा. पण तो थायरॉईडमुळेच, हे अनुमान झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. बी-१२ ची कमतरता, अपुरी झोप, मनाची उदासी यांचीही लक्षणं अशीच. गोळी चहाबरोबर किंवा सहरीच्या जेवणाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. केसांसाठी घेतलेलं बायोटिन काही यंत्रांवर आकडाच चुकवतं. आणि आपल्याच मनाने डोस वाढवला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून साक्ष मानायची, निकाल मात्र घाईने द्यायचा नाही.

व्यवहारात आपण दोन साक्षीदार मागतो. दुखण्याला साक्षीदार एकच असतो, ज्याला दुखतं तो. दुसरा नाही म्हणून पहिल्याला खोटं ठरवणं हा अन्याय आहे. आणि घराघरांत तो बहुधा बाईच्याच वाट्याला येतो. ती थकली तर आपण त्याला नखरे म्हणतो.

मी पुन्हा आपासोबत गेलो. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासलं. ते कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायच्या. मला हायसं वाटलं, आणि त्याचीच शरम वाटली. दुसरा कागद मिळाला तेव्हाच मी बहिणीवर विश्वास ठेवला होता.

उद्या हिमोग्लोबिनही नॉर्मल आलं आणि तरी ती थकलेलीच राहिली तर? आकडे हद्दीत येऊनही काही रुग्णांना बरं वाटत नाही. वैद्यकशास्त्राकडे त्याचं पूर्ण उत्तर अजून नाही. तेव्हा 'कळत नाही' असं म्हणणं प्रामाणिकपणाचं ठरेल. 'तुला काही झालेलं नाही' असं म्हणायचा हक्क मला तेव्हाही नसेल.