माळ्याचा महाल

एक माळी होता. जोसेफ पॅक्स्टन त्याचं नाव, शेतकऱ्याचा मुलगा. इंग्लंडात चॅट्सवर्थला एका ड्यूकच्या बागेचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. 1849 साली त्याने दक्षिण अमेरिकेतलं महाकाय कमळ काचघरात फुलवून दाखवलं. फुलाचं कौतुक सगळ्यांनीच केलं. पॅक्स्टनची नजर मात्र पानाच्या पाठीवर गेली. मधून फाकलेल्या जाड शिरा आणि त्यांना सांधणाऱ्या आडव्या शिरा. त्याने आपल्या लहानग्या लेकीला त्या पानावर उभं केलं. पान बुडालं नाही.

तिकडे लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरायचं होतं. इमारतीसाठी 245 आराखडे आले. समितीतल्या नामवंतांना त्यातला एकही पटेना. मग त्यांनी स्वतःच विटांच्या बांधकामाचा, अवाढव्य घुमटाचा आराखडा केला; तो लोकांना पटेना. (शहाण्यांची समिती बसली की काय होतं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.) उद्घाटनाला तर वर्षही उरलं नव्हतं.

जून 1850 मध्ये रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या पॅक्स्टनने समोरच्या टीपकागदावर चार रेघा ओढल्या. ते कमळाचं पानच होतं: शिरा लोखंडाच्या, मधे काचा. एकाच मापाचे तुकडे कारखान्यात घडवायचे आणि जागेवर आणून नुसते जोडायचे. हाइड पार्कमधले मोठे एल्म वृक्ष तोडले जातील म्हणून लोक ओरडत होते. मधलं छत कमानीसारखं 108 फुटांपर्यंत चढवलं आणि झाडं उभीच्या उभी आत घेतली.

1 मे 1851 ला महाराणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलं. लांबी 1848 फूट, तावदानं तीन लाखांच्या घरात. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर माणसं येऊन गेली. पुढे तो महाल सुटा करून सिडनहॅमला पुन्हा उभारला. 1936 च्या आगीत तो जळाला.

प्रदर्शनाच्या वेळी त्याच छताखाली आपला कोहिनूरही ठेवला होता, पिंजऱ्यात. लोक गर्दी करून आले आणि हिरमुसून परतले. माळ्याच्या काचा लखलखत होत्या, हिरा चमकेना. गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी चमकेना. अखेर 1852 मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले. 186 कॅरेटचा हिरा जेमतेम 106 कॅरेटचा उरला.