योशिनोची डोंगरी चेरी आणि अनित्यतेचा अर्थ

जपानच्या नारा प्रांतातील योशिनो पर्वतावर चेरीची सुमारे ३०,००० झाडे असून त्यांतील बहुसंख्य ‘यामाझाकुरा’, म्हणजे डोंगरी चेरी, या देशी जातीची आहेत. सातव्या शतकातील तपस्वी एन नो ग्योजा यांना येथे झाओ गोंगेन या उग्र देवतेचे दर्शन घडले आणि त्यांनी तिची मूर्ती चेरीच्या लाकडात कोरली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. ‘गोंगेन’ म्हणजे लोकांच्या उद्धारासाठी बुद्धाने धारण केलेले देवरूप. अवतारकल्पनेशी त्याचे साम्य सहज जाणवते. ज्याची मूर्ती घडली ते झाडही देवाचेच ठरल्याने त्यावर कुऱ्हाड चालवणे निषिद्ध झाले, भाविक रोपे अर्पण करीत गेले, आणि पूजेतूनच हे वन वाढले.

घडलेली प्रत्येक वस्तू पालटते व लय पावते, हा बौद्ध दर्शनातील अनित्यतेचा सिद्धान्त होय, आणि थोड्याच दिवसांत गळणारा चेरीचा बहर जपानमध्ये त्याचे प्रतीक मानला गेला. परंतु हा बोध कोणत्या चेरीकडून घ्यायचा, हा प्रश्न गौण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शाळा, उद्याने व नदीकाठ व्यापणारी ‘सोमेई योशिनो’ ही संकरित जात कलमांनीच वाढवली जाते. तिची सारी झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी असल्याने एका परिसरात ती जवळपास एकदमच फुलतात आणि एकदमच गळतात. डोंगरी चेरी सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून बीजातून उगवलेले तिचे प्रत्येक झाड निराळे असते, आणि तिची तांबूस पालवी फुलांसोबतच फुटते. योशिनोवर तिचा बहर पायथ्याच्या ‘शिमो सेन्बोन’पासून, म्हणजे खालच्या हजार झाडांपासून, माथ्याकडच्या ‘ओकु सेन्बोन’पर्यंत, म्हणजे आतल्या हजार झाडांपर्यंत, हळूहळू चढत जातो.

दुसऱ्या महायुद्धात गळणारे फूल सम्राटासाठी पत्करायच्या मरणाचे प्रतीक बनवले गेले, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये आत्मघातकी वैमानिकांच्या पहिल्या तुकड्यांपैकी एकीला ‘यामाझाकुरा’ हेच नाव देण्यात आले. झाडाचे नाव तेवढे उचलले गेले, त्याचा स्वभाव मात्र विसरला गेला. कारण डोंगरी चेरी कधीच हुकमाने गळत नाही, खाली पाकळ्या झडत असताना वर कळ्या उमलत असतात, आणि प्रत्येक झाडाचा काळ त्याचा स्वतःचा असतो. अनित्यतेतून करुणा उपजते ती याच जाणिवेने, आणि योशिनोच्या कुऱ्हाडबंदीचे मर्मही हेच आहे: जे आपल्या वेळी गळणारच आहे, ते त्याआधी तोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.