मूल कोणासाठी?

लग्नाला दहा-बारा वर्षे होतात. औषधोपचार होतात, नोव्हेना होतात. मग घरात कोणीतरी हळूच म्हणते, "दत्तक घ्यायचे का?" लगेच दुसरा प्रश्न येतो, "कोणाचे रक्त असेल?" पण त्या मुलाला काय हवे आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

रक्ताच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले, मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले. तेव्हा त्यांना दहावे वर्ष चालू होते. ना वय आड आले, ना कागल लपवावे लागले. म्हणून कोल्हापूरने त्यांना कमी आपले मानले काय?

मात्र तेव्हा गादीला वारस हवा होता. आज विचार उलट दिशेने व्हायला हवा. घराला मूल शोधायचे नाही, मुलाला घर शोधायचे आहे.

आपल्या समाजापुढे पूर्वी कायद्याचीही अडचण होती. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. १८९० च्या कायद्याखाली आपल्याला केवळ पालक होता येई. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे आणि वारसाहक्कही आपोआप मिळत नसे. बालन्याय कायद्याने, विशेषतः २००६ ची दुरुस्ती आणि २०१५ चा नवा कायदा यांनी, ही वाट सर्व धर्मीयांना मोकळी केली. अशा रीतीने दत्तक घेतलेले मूल आता सर्व अर्थांनी आपलेच ठरते. सप्टेंबर २०२२ पासून त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात.

तरीही वाट सोपी नाही. नोंदणीनंतर बरीच वाट पाहावी लागते. समाजसेवक घरी येऊन चौकशी करतात. मूल घरी आल्यावरही दोन वर्षे पाहणी चालते. खरी कसोटी त्यापुढची. एकदा सोडले गेलेले मूल आपल्यावर विश्वास ठेवायला वेळ घेते. पुढे कधीतरी ते विचारते, "माझी आई कोण?" हे त्याला शेजाऱ्यांकडून कळण्याआधी आपण लहानपणापासूनच प्रेमाने सांगितलेले बरे. सत्य लपवून उभारलेले घर एका शब्दाने हादरते.

आणखी एक गोष्ट. आपण त्या मुलावर उपकार करत नाही. पोटच्या मुलाकडून आपण आभार मागतो काय? म्हातारपणाची काठी हवी किंवा लोकांची तोंडे बंद करायची, एवढ्यासाठीच मूल आणायचे असेल, तर थांबावे. विचार करून "आम्हाला जमणार नाही" म्हणणे हे पाप नाही.

पण ज्यांचे मन तयार आहे त्यांना मिळणारा आनंद उसना नसतो. रात्री तापाने फणफणलेल्या लेकराजवळ जागणारी आई रक्ताचा हिशोब करत नाही. नाझरेथचे लोकही येशूला योसेफ सुताराचा मुलगा म्हणूनच ओळखत होते.

उरतो आपला, शेजाऱ्यांचा प्रश्न. असे मूल चर्चच्या अंगणात खेळायला येईल, तेव्हा "आणलेले मूल" हा शब्द आपल्या तोंडून निघता कामा नये. दत्तक एक कुटुंब घेते, पण त्या मुलाला आपले म्हणण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.