तुटलेली तार
(वचन : गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचनें १ व २)



आमच्या प्रभूनें बी पेरणारा, मेंढपाळ, जाळें, दिवा, पिठांतील खमीर अशा नित्याच्या वस्तूंवरून मोठीं सत्यें शिकविलीं. म्हणून आज आम्ही मोटारसायकलीच्या एका चाकाविषयीं बोललों, तर तें आपणांस अयोग्य वाटणार नाहीं अशी आशा आहे.

गेल्या ऊसतोडीच्या दिवसांत एका रविवारीं सकाळीं आम्ही शेवगांव तालुक्यांतील एका खेड्यांत उपासनेसाठीं मोटारसायकलीवरून निघालों होतों. उसाच्या गाड्यांनीं रस्ता फार खराब झाला होता. मागच्या चाकांतून टिक टिक असा बारीक आवाज महिनाभर येत होता, आणि एक तार तुटल्याचें आम्हांस ठाऊकही होतें. परंतु ३६ तारांपैकीं एक गेली, ३५ तर शाबूत आहेत, असें म्हणून आम्ही तें काम पुढें ढकलीत आलों होतों. त्या दिवशीं एका मोठ्या खड्ड्यानंतर गाडी मागून डोलूं लागली. उतरून पाहतों तों डाव्या बाजूच्या आणखी तीन तारा तुटलेल्या, आणि चाक उजवीकडे झुकून शेजारच्या दांडीस घासत असलेलें. मंडळीच्या वडिलांस फोन करून, उपासना आपणच चालवावी असें कळविलें, आणि सुमारें दोन किलोमीटर गाडी ढकलीत एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानीं पोंचलों.

त्यांनीं चाक एकदां हातानें फिरवून पाहिलें व विचारलें, "मास्तर, पहिली तार कधीं तुटली?"

आम्हीं सांगितलें, "महिना झाला, चाचा."

ते म्हणाले, "तेव्हांच आला असतां तर एका तारेचें काम होतें. ह्या बाकीच्या तीन आपल्या भारानें नाहीं तुटल्या. पहिलीचा भार वाहून तुटल्या."

हे शब्द आमच्या अंतःकरणास लागले. कारण ज्या मंडळीकडे आम्ही निघालों होतों, तिच्यांत असेंच घडलें होतें. पावसाळ्यांत मंदिराच्या छपराच्या हिशेबावरून एका बांधवास चारचौघांत कठोर शब्द बोलले गेले होते. त्या दिवसापासून तें कुटुंब उपासनेस येईनासें झालें. तो बांधव मंदिर उघडून घंटा वाजवीत असे. त्याची पत्नी मुलांची शाळा घेत असे. घंटेचें काम एका वृद्धावर आलें, मुलांचें काम एका बहिणीवर आलें, आणि आतां तीं दोघेंही थकलीं होतीं. आणि आम्ही? आम्हांस सर्व ठाऊक होतें. येतील परत, असें म्हणून आम्हीही त्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

चाचा काम करीत होते तोंवर आम्ही बाजूस बसून पाहत होतों. जें पाहिलें तें आपणांस सांगतों.

बैलगाडीचें चाक आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्यांत भार तुंब्यावरून लांकडी आऱ्यांवर येतो, आणि खालचे आरे खांबांसारखे तो तोलून धरितात. १८८५ सालीं जर्मनींत डाइमलर व मायबाख यांनीं पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल केली, तिचींही चाकें लांकडाचींच होतीं. परंतु तारेच्या चाकाची रीत निराळी. बारीक तार खांबासारखी उभी राहूं शकत नाहीं. तिच्यावर भार ठेविला तर ती वांकेल. तिचें बळ ओढण्यांत आहे. इंग्लंडांत सर जॉर्ज केली यांनीं १८०८ सालीं अशा ताणलेल्या चाकाची कल्पना लिहून ठेविली, आणि पुढें १८७४ सालीं जेम्स स्टार्ली यांनीं सायकलीच्या चाकासाठीं तारा तिरप्या लावण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. अशा चाकांत अर्ध्या तारा कडेस डावीकडे ओढितात, अर्ध्या उजवीकडे. सर्वांची ओढ सारखी असली म्हणजे कडें सरळ राहतें. एक तुटली कीं तिची ओढ नाहींशी होते, कडें तेथें समोरच्या बाजूस सरतें, आणि शेजारणींस तिच्या वांट्याचा भार घ्यावा लागतो.

पहिली गोष्ट ही कीं, तार तुटण्यापूर्वीं बहुधा सैल होते. चाक फिरतांना जी तार जमिनीकडे येते तिचा ताण क्षणभर कमी होतो, व वर जातांच पुन्हां वाढतो. एका किलोमीटरांत चाक सुमारें ५०० वेळां फिरतें. म्हणजे २० किलोमीटरांच्या वाटेंत प्रत्येक तार १०,००० वेळां कमीजास्त ताणली जाते. जी तार नीट आवळलेली असते ती हें सोसते. जी सैल असते ती प्रत्येक फेरींत अगदीं ढिली पडून पुन्हां झटक्यानें ताणली जाते, आणि मध्यभागाजवळ जेथें तिला वांक दिलेला असतो तेथें शिणून एके दिवशीं तुटते. आम्ही म्हणतों, त्या खड्ड्यानें तार मोडली. खड्डा शेवटचें निमित्त होता. त्याचप्रमाणें आम्ही म्हणतों, त्या एका शब्दानें तें कुटुंब मंडळींतून गेलें. परंतु त्या शब्दापूर्वीं किती रविवार त्यांची कोणीं विचारपूस केली नव्हती?

चाचांनीं प्रत्येक तारेवर लहानशा चावीनें टिचकी मारिली. ताठ तार नाद करी. सैल तार ठक्क असा मुका आवाज देई. डोळ्यांस दोन्ही सारख्याच दिसत होत्या. पाळकांनो, वडिलांनो, मंदिरांत बसलेले सर्व सारखेच दिसतात. कोण आंतून सैल झाला आहे हें व्यासपीठावरून कळत नाहीं. घरोघरीं जाऊन ऐकावें लागतें.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या रीतीची. चाचांनीं सांखळी उतरविली, आंस काढून चाक मोकळें केलें, टायर, ट्यूब व आंतील रबरी पट्टी काढिली, तेव्हां कोठें तुटलेल्या तारेस हात लाविला. निपल गंजले होते. त्यांवर तेल सोडून ते थांबले. आम्हांस घाई होती, त्यांस नव्हती. गंजलेलें निपल जोरानें फिरविलें तर चांगली तारही पिळून तुटते, असें त्यांनीं सांगितलें. मग जुन्या तारेशीं लांबी व जाडी ताडून नव्या तारा घेतल्या, आणि इतर तारांच्या वरून व खालून जशी मूळची वीण होती तशाच त्या ओंविल्या.

आतां नवी तार एकदम आवळावी असें आम्हांस वाटलें. चाचांनीं तसें केलें नाहीं. एक खडू कडेजवळ धरून त्यांनीं चाक हळू फिरविलें. जेथें खडू लागला तेथें कडें त्या बाजूस सरलें आहे असें समजावयाचें. मग त्या बाजूच्या तारा पाव फेरा सैल केल्या, समोरच्या पाव फेरा आवळल्या, आणि पुन्हां चाक फिरविलें. असें किती वेळां केलें तें आम्हीं मोजलें नाहीं. ह्यास ते चाकाचा आऊट काढणें म्हणत. तुटली डावी तार. परंतु चाक सरळ करण्यासाठीं उजव्या तारांसही सैल व्हावें लागलें. बंधूंनो, जो दुखावून गेला त्यानेंच यावें, त्यानेंच नमावें, असें आम्ही म्हणत असतों. परंतु ज्यांनीं कठोर शब्द उच्चारिले तेही पाव फेरा सैल झाल्याशिवाय मंडळीचें चाक सरळ होत नाहीं.

शेवटीं त्यांनीं कड्याच्या आंतून बोट फिरविलें. एका तारेचें टोंक निपलाच्या बाहेर आलें होतें, तें कानशीनें घासून टाकिलें. नाहींतर वरून काम नीट दिसलें असतें आणि आंतून ट्यूबला टोंचत राहिलें असतें. आमच्या कित्येक समेटांत असें टोंक राहून जातें. हातांत हात देतों, आणि पुढच्याच सभेंत टोमणा मारितों.

प्रेषित पौलानें गलतीकरांस लिहिलें कीं, कोणी अपराधांत सांपडला तर जे आत्मिक आहेत त्यांनीं त्याला सौम्यतेनें ताळ्यावर आणावें, आणि एकमेकांचीं ओझीं वाहावीं. येथें त्यानें जो ग्रीक शब्द योजिला आहे तोच मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत, १९ व्या वचनांत, याकोब व योहान तारवांत बसून आपलीं जाळीं नीट करीत होते असें सांगतांना आला आहे. म्हणजे हा न्यायाधीशाचा शब्द नव्हे, कारागिराचा आहे.

परंतु एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. चाचांनीं त्या चार तुटक्या तारा डब्यांत टाकून दिल्या. तुटलेली तार जोडून पुन्हां लावितां येत नाहीं. ती ताण सोसणार नाहीं. येथें आमचा दृष्टांत संपतो, आणि देवाची कृपा सुरू होते. प्रभूच्या घरीं तसला डबा नाहीं. योहान ज्याला मार्क म्हणत, तो पंफुल्यांत काम सोडून गेला. पौलानें त्याला पुन्हां बरोबर घेण्याचें नाकारिलें, आणि त्यावरून बर्णबा व पौल यांची ताटातूट झाली. बर्णबानें मात्र त्या तरुणास टाकिलें नाहीं. पुढें तोच पौल बंदिशाळेंतून तीमथ्याला लिहितो कीं, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठीं मला उपयोगी आहे. बाजारांत तारेला तार मिळते. एका बांधवाच्या जागीं बसेल असा दुसरा बांधव कोठल्याही दुकानांत मिळत नाहीं.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्या घरीं गेलों. तो बांधव दारांत बाजेवर बसला होता. आम्हीं प्रथम आपली चूक पदरीं घेतली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मास्तर, पांच महिने झाले. आम्हांला वाटलं, आम्ही नसलों तरी चालतंय." ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्याच्या पत्नीनें चहा आणिला. तो घेऊन, प्रार्थना करून आम्ही परतलों.

पुढच्या रविवारीं सर्व कुटुंब आलें असें लिहावयास आम्हांस आवडलें असतें. पण तें खरें होणार नाहीं. त्याची पत्नी व मुलें येऊं लागलीं आहेत. तो अद्याप आलेला नाहीं. आमच्या दुसऱ्या भेटींत, ज्या वडिलांनीं ते शब्द उच्चारिले होते ते आपण होऊन आमच्याबरोबर आले, आणि त्यांनीं त्याची क्षमा मागितली. पाव फेरा झाला आहे. चाचांनीं निघतांना बजाविलें होतें कीं, नव्या तारा थोडी वाट चालल्यावर बसतात व सैल पडतात, म्हणून आठवड्यानें पुन्हां दाखवून जा. हीच आमची तिसरी गोष्ट : एकदां भेटून आलों म्हणजे काम संपलें असें समजूं नये. आम्ही पुन्हां जाणार आहों.

वाचकहो, आपल्या मंडळींत कोणाची जागा रिकामी आहे? त्याचा भार आज कोण वाहत आहे, आणि तो किती थकला आहे? टिक टिक ऐकूं येत असेल तर महिनाभर थांबूं नका. आजची उपासना संपल्यावर त्या घरीं जा.

हे प्रभो, जे सैल झाले आहेत त्यांचा मुका आवाज ऐकावयास आम्हांस कान दे. जे आम्ही फार ताठ झालों आहों त्या आम्हांस सौम्य कर. आणि तूं जसें कोणास टाकीत नाहींस तसें आम्हींही कोणास टाकूं नये, असें कर. आमेन.