आनंदाने दिलेले आणि आनंदासाठी दिलेले

धर्मग्रामातील महिला मंडळाने गरजूंच्या मदतीसाठी खाद्यजत्रा भरवायचे ठरविले, की दोन गोष्टी हमखास घडतात. घरोघरी पीठ मळले जाते, कुपने विकली जातात, हाऊजीच्या बक्षिसांसाठी भांडी आणि चादरी गोळा होतात. आणि कोणी तरी विचारी गृहस्थ हिशोब मांडून विचारतात, की एवढा खटाटोप कशासाठी? समजा, फुग्यांची पुडी पन्नास रुपयांना विकली. पीठ, तेल, गॅस आणि मंडप यांचा खर्च वजा जाता गरजूच्या हाती वीस रुपये पडणार. तेच पन्नास रुपये पाकिटात घालून दिले असते, तर पन्नासच्या पन्नास पोचले नसते काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या अंकगणितामागे एक नैतिक प्रश्न उभा आहे. जे देताना आपण खाल्ले, खेळलो, बक्षिसाची आशा धरली, ते दान होय, की निव्वळ खरेदी? प्रभू येशूने सांगितले, की उजवा हात काय देतो ते डाव्या हातालाही कळू नये. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या ज्या विधवेकडे त्याने शिष्यांचे लक्ष वेधले, तिला त्या बदल्यात काहीही मिळाले नव्हते. या कसोटीवर आपली खाद्यजत्रा फार लहान दिसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु शुभवर्तमानाच्या पुढची पाने उलटली, की दुसरी बाजूही समोर येते. यरुशलेमच्या गोरगरिबांसाठी संत पौलाने मोठ्या चिकाटीने वर्गणी जमविली. तिच्याविषयी लिहिताना तो जो ग्रीक शब्द योजतो, तो आहे ‘कोइनोनिया’. आद्य ख्रिस्ती बांधव भाकर मोडण्यात, प्रार्थनेत आणि एकमेकांच्या सहवासात ज्या एकोप्याने राहत, त्या एकोप्यासाठी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातही हाच शब्द आला आहे. सहभागिता आणि वर्गणी यांना एकच नाव असावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. पौलाच्या दृष्टीने ते पैसे म्हणजे दूरवरच्या बांधवांशी जोडलेले नातेच होते. म्हणूनच मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असूनही, आम्हांलाही या कार्यात वाटा द्या, अशी विनवणी करीत होत्या. पौलाने एकाच्या उत्साहाची वार्ता दुसऱ्याला सांगून दोघांनाही चेतविले, ही युक्ती महिला मंडळाच्या कोणत्याही कार्यवाहिणीला ओळखीची वाटेल. आणि पैशांबाबत कोणी बोट दाखवू नये, म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली, हेही तिला पटेल.

तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमातील मौज ही दानाला लागलेली भेसळच आहे, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ही सहभागिता कोणापर्यंत पोचते?

या बाबतीत संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या जीवनातील दोन घटना मननीय आहेत. १६१७ साली ते फ्रान्समधील शातियों या गावी धर्मगुरू होते. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी ते मिस्साची वस्त्रे परिधान करीत असता त्यांना कळले, की गावाबाहेरच्या एका घरातील सगळीच माणसे आजारी असून त्यांची शुश्रूषा करायला कोणी नाही. प्रवचनात त्यांनी ही गोष्ट लोकांना सांगितली. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तो वाटेवर स्त्रियांची मिरवणूकच लागलेली! कोणी अन्न घेऊन चाललेली, कोणी परतणारी, कोणी उन्हाने दमून रस्त्याच्या कडेला टेकलेली. प्रीती उदंड होती. मात्र त्या घरी एका दिवसात इतके अन्न साचले, की त्यातले बरेचसे नासून जाणार आणि पुढच्या आठवड्यात ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार, हे व्हिन्सेंटनी ओळखले. त्यांनी त्या स्त्रियांना एकत्र आणून पाळ्या लावून दिल्या, पदाधिकारी नेमावयास लावले, हिशोबाची शिस्त घालून दिली. त्या वर्षीच्या ८ डिसेंबर रोजी या भगिनीसंघाची रीतसर स्थापना झाली. आज जगभर चालणाऱ्या अशा कितीतरी संघांची परंपरा तेथवर जाऊन पोचते.

त्या संघाच्या नियमावलीतील एक सूचना फार हृद्य आहे. ज्या भगिनीची पाळी असेल, तिने ज्या रुग्णांपाशी कोणी माणूस आहे त्यांच्याकडे आधी जावे आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी. म्हणजे तेथे तिला अधिक वेळ बसता येईल. ज्या संघाने अन्नाचा आणि पैशांचा हिशोब इतक्या काटेकोरपणे बांधला, त्यानेच बसण्याचा वेळही हिशोबात धरला होता.

दुसरी घटना पॅरिसमधली. हेच काम राजधानीतील उच्चकुलीन स्त्रियांनी हाती घेतले, तेव्हा निधीला तोटा नव्हता. परंतु गलिच्छ गल्ल्यांतून रश्श्याचे भांडे वाहून नेणे त्यांच्या इभ्रतीला मानवेना, आणि पुष्कळशा स्त्रिया आपल्याऐवजी नोकरांना पाठवू लागल्या. पैसा पोचत होता; माणूस पोचत नव्हते. ही उणीव खेड्यातून आलेल्या साध्या मुलींनी भरून काढली. त्यांना संत लुईज द मारियाक यांनी आपल्या घरी एकत्र ठेवून घडविले आणि १६३३ साली ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संस्थेचा आरंभ झाला. पन्नासच्या पन्नास रुपये पाकिटात घालून पाठविण्याचा आग्रह धरणाऱ्या आपल्या गृहस्थांनी पॅरिसची ही गोष्ट ध्यानी घ्यावी. पाकीट घरापर्यंत जाते, पण ते खाटेजवळ बसत नाही.

मंडळाच्या कामाचे आणखी एक फळ असते. ते जमाखर्चात दिसत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, जखमी सैनिकांच्या साहाय्यासाठी शिकागो शहरात एक भव्य जत्रा भरविण्यात आली. मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघी तिच्या सूत्रधार होत्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी गुलामांच्या मुक्ततेच्या जाहीरनाम्याची स्वहस्ते लिहिलेली प्रत त्या जत्रेला भेट दिली आणि ती ३,००० डॉलरला विकली गेली. एकूण उत्पन्न ८०,००० डॉलरच्या वर गेले. परंतु जत्रेसाठी इमारत उभारण्याचा करार करावयास त्या दोघी गेल्या, तेव्हा बांधकाम करणाऱ्याने त्यांच्या पतींच्या सह्या मागितल्या. पैसा त्यांनी जमविलेला, योजना त्यांनी आखलेली. तरी विवाहित स्त्रीची सही तेथल्या कायद्याला पुरेशी नव्हती. लिव्हरमोर यांना हा अनुभव झोंबला आणि पुढे त्या स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत अग्रभागी राहिल्या. सैनिकांसाठी मलमपट्ट्या जमविताना एका स्त्रीला स्वतःच्या स्थितीचे भान आले.

आपल्याकडेही याहून निराळे घडत नाही. सभेत कधी तोंड न उघडलेली भगिनी मंडळाची खजिनदार होते, बँकेत जाते, पावत्या फाडते, वर्षअखेरीस सर्वांसमोर उभी राहून जमाखर्च वाचून दाखविते. ती वाढ हेही त्या खाद्यजत्रेचे उत्पन्नच होय.

एवढे सांगितल्यावर धोक्यांकडे डोळेझाक करून चालणार नाही. करिंथच्या मंडळीतही प्रेमभोजने होत असत. तेथे श्रीमंत आधी येऊन यथेच्छ खात-पीत आणि गरीब उपाशीच राहत. जवळ काही नसलेल्यांना तुम्ही लाजविता, असे पौलाने त्यांना कठोरपणे सुनावले. आपल्या कार्यक्रमांतही करिंथ डोकावू शकतो. स्नेहभोजनाचे कूपन इतके महाग ठेवले, की मंडळातीलच एखाद्या विधवेला काही तरी निमित्त सांगून घरी राहावे लागते, तर कोणासाठी जमला तो निधी? शिष्यवृत्ती स्वीकारण्यासाठी एखाद्या मुलाला मंचावर बोलावून, त्याच्या घरची गरिबी ध्वनिक्षेपकावरून सांगून छायाचित्र काढले, तर दिले त्याहून अधिक आपण त्याच्याकडून घेतले. हाऊजी आणि सोडत यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण समतोल आहे : नशिबाचे खेळ मुळातच अन्यायकारक नव्हेत, पण जेव्हा माणूस त्यांपायी स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचा पैसा घालवितो, तेव्हा ते नीतीला मान्य नाहीत. ही मर्यादा आपल्या मंडपातही लागू आहे.

म्हणून मौज असावी की नसावी, यावर वाद घालण्याऐवजी मंडळाने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. जिच्याजवळ पैसे नाहीत, तिला केवळ कष्ट देऊन या कार्यात बरोबरीचा वाटा घेता येतो काय? ज्यांच्यासाठी निधी जमविला, ते आपल्या पंगतीला पाहुणे म्हणून बसू शकतात काय? आणि निधी सुपूर्द केल्यानंतर त्या घरी पुन्हा कोण जाणार, हे ठरले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर पन्नासातील जे तीस रुपये पीठ-तेलात गेले, ते वाया गेले नाहीत. उत्तरे नकारार्थी असतील, तर विक्रमी निधी जमूनही आपण केवळ आपलीच करमणूक केली, असे म्हणावे लागेल.

यापो गावच्या तबिथेची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ती वस्त्रे तबिथेने त्यांच्याबरोबर असताना केली होती, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. वस्त्रे तर त्यांच्या हाती उरलीच होती. तरी त्या रडत होत्या, कारण बरोबर असणारी गेली होती.