लक्ष कुठे आहे?

मुलाला आपण हा प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर कोणाला हवे असते? तो निवाडाच असतो. चित्त लागत नाही, अर्थात लावायचे नाही, असे आपण धरून चालतो.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे, हा विचार गांधीजींनी तेथे मांडला. पुढे सेवाग्रामची मुले टकळीवर सूत काढता काढता हिशेब शिकली. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांना आढळले की, बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध दिल्यावर काही चंचल मुले निवांत अभ्यासाला बसतात. उत्तेजकाने शांती यावी, ही गंमतच!

टकळी हे औषध नव्हे. पण धागा तुटला की हाताला तत्काळ कळते. वार्षिक परीक्षेचा निकाल मात्र फार दूर असतो. अवधान-न्यूनतेच्या मुलाला हे अंतरच झेपत नाही. मांजा सुतवण्यात तासभर रमणारा हा मुलगा पाढ्यांवर दोन मिनिटे टिकत नाही, म्हणून तो लबाड ठरतो. वास्तविक त्याच्याजवळ अवधान असते, ते हवे तिकडे वळवता येत नाही. आणि ही घडण बव्हंशी आनुवंशिक असते.

मोठेपणीही ती पुष्कळांची पाठ सोडत नाही. विजेचे बिल राहते, किल्ल्या हरवतात, आणि निस्तरते बायको. नवऱ्याचा दोष नाही म्हणून तिचे कष्ट कमी होतात काय? मला तसे वाटत नाही. किल्लीसाठी दाराशी खुंटी त्यानेच ठोकावी. तिने मात्र ‘पुन्हा विसरलात?’ऐवजी ‘खुंटीवर पाहिलेत का?’ एवढेच विचारावे.